आम्ही खोडलेले एक वाक्य

आकाशातून तेजाचा गोळा जाताना पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो, असा आपला समज आहे. वास्तविक तो पुष्कळांना येतो; सांगण्याचे धाडस थोडे करतात, आणि जे करतात त्यांचे सहसा कोणी ऐकून घेत नाही. प्रस्तुत लेख या ऐकून न घेण्याविषयी आहे. ऐकून न घेणाऱ्यांत आम्ही स्वतः होतो, हे आरंभीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचे लिहिणे सोपे जाईल.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत आठवीच्या वर्गाला आम्ही 'मी अनुभवलेली एक रात्र' हा विषय निबंधाला दिला होता. अशा विषयावर कसले निबंध येतात हे शिक्षकांना ठाऊक असते, आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही. चांदणे दुधासारखे असते, वारा मंद असतो, दूर कोठेतरी कुत्रे भुंकत असते, आणि ती रात्र लेखक जन्मात विसरणार नसतो. त्या गठ्ठ्यात एक वही निराळी निघाली. पेडणे महालातील एका वाडीवरचा हा मुलगा. घरी कोकणी आणि शाळेत मराठी, म्हणजे आमच्यासारखाच दोन अंगणांत वाढलेला. त्याने लिहिले होते की, रात्री जेवून हात धुवायला तो बाहेर आला असता एकाएकी उजेड झाला. तुळशीवृंदावनाची आणि माडाच्या चुडतांची सावली अंगणातून धावत गेली, गोठ्याच्या भिंतीवर चढली आणि लगेच पुन्हा काळोख झाला. उजेड असताना तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चुरचुर आवाज झाला, असेही एक वाक्य त्यात होते.

'सावली धावत गेली' हे शब्द आम्ही लाल शाईने खोडले. समासात लिहिले, 'सावली धावत नाही. अतिशयोक्ती टाळावी.' आवाजाच्या वाक्यापुढे एक मोठे प्रश्नचिन्ह काढले. शेवटी शेरा दिला, 'हे मोप्याला उतरणारे विमान असावे', आणि दहांपैकी चार गुण.

विमान आम्हाला का सुचले, ते सांगणे अवश्य आहे. मोप्याच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली ती २०२३ च्या ५ जानेवारीपासून. त्या दिवसांत सारा महाल मान वर करून चालत होता. रात्री दिवा दिसला की विमान, घरघर ऐकू आली की विमान. तेव्हा एका पोराने आकाशात उजेड पाहिला म्हटल्यावर आम्हीही तेच उत्तर काढून दिले. ते उत्तर तयार होते, म्हणून दिले. ते बरोबर आहे की नाही याचा विचार करण्याची गरजच आम्हाला भासली नाही.

मुलाने वाद घातला नाही. वही घेतली आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतरचे त्याचे निबंध मात्र सुधारले. चांदणे दुधासारखे होऊ लागले, वारा मंद वाहू लागला, आणि आम्ही त्याला सात-आठ गुण देऊ लागलो. मुलगा वळणावर आला म्हणून त्या वेळी आम्हाला समाधानही वाटले होते, हे आज लिहिताना संकोच होतो.

त्याच वर्षी डिसेंबरात एका गावच्या जत्रेला आम्ही गेलो होतो. दशावतारी काला पहाटेपर्यंत चालणार होता. परंतु दुसऱ्या दिवशी शाळा असल्यामुळे आम्ही मध्यरात्रीच उठलो. तारीख १३ उलटून १४ लागली होती. मार्गशीर्षाची प्रतिपदा, म्हणजे आकाशात चंद्र नव्हता. वाटेत एक जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा लागतो. घर नाही, दिव्याचा खांब नाही. थंडी बोचू लागली म्हणून अंगावरची शाल सारखी करायला आम्ही गाडी थांबवली, दिवा मालवला आणि खाली पाहत होतो. खाली पाहत होतो हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही प्रथम आकाशात काहीच पाहिले नाही. जमिनीवर पाहिले. सड्यावरचे वाळलेले गवत एकेक काडी मोजावी इतके स्पष्ट झाले, गाडीची सावली पायांखालून निघाली आणि दगडांवरून धावत सुटली. आमची स्वतःची सावली तिच्या मागोमाग गेली. मान वर केली तेव्हा हिरवट पांढऱ्या तेजाचा एक गोळा पुढे जात होता आणि त्याच्या मागे ठिणग्या गळत होत्या. तो विझला. मग इतका काळोख झाला की गाडीची चावी हाताने चाचपावी लागली.

सावली धावते. अशा प्रसंगी तिच्याविषयी दुसरे काही म्हणताच येत नाही. दिवा स्वतःच आकाशभर पळत असताना सावल्यांनी स्थिर कसे उभे राहावे? आम्हाला त्या क्षणी देव आठवला नाही की विज्ञान. आठवली ती लाल शाई.

आमची आजी असे काही दिसले की 'नखेत्र पडलें' म्हणे आणि तोंड फिरवून घेई. आम्ही पदवी घेतली ती वाङ्मय आणि इतिहास हे विषय घेऊन. त्यामुळे आकाशाचे आमचे ज्ञान आजीच्या फार पुढे गेले नव्हते. त्या रात्रीनंतर मात्र आम्ही पुस्तके चाळू लागलो. आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट नीट पाहिली होती, असे प्रथम ध्यानात आले. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार केले आहेत. पुण्याचे फळ स्वर्गात भोगून संपले की खाली पडणाऱ्या जिवांची ही रूपे, हे त्याने दिलेले कारण आज कोणी मानणार नाही. पण वर्णन करताना त्याने एका प्रकाराला दुसऱ्यात मिसळू दिले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उल्का या शब्दाचा मूळ अर्थही जळते कोलीत असाच आहे. पाहिलेल्या वस्तूला दिलेले हे प्रामाणिक नाव होय. मराठीत आज आपण आकाशात जळताना दिसते तिला उल्का म्हणतो आणि त्यातून वाचून जमिनीवर पोचलेल्या दगडाला अशनी म्हणतो. शुक्राहून तेजस्वी असेल त्या उल्केला अग्निगोल म्हणण्याचा प्रघात आहे.

अग्निगोल पेटतो कसा, हे विद्यार्थ्यांना थोडक्यात सांगतो. अवकाशात फिरणारा एखादा खडा पृथ्वीच्या वाटेत येतो आणि सेकंदाला अकरापासून बहात्तर किलोमीटरपर्यंत कोणत्या तरी वेगाने वातावरणात घुसतो. एवढ्या वेगापुढे हवेला बाजूला सरायला अवधी मिळत नाही. ती त्याच्या पुढ्यात दाबली जाते, भयंकर तापते, आणि तिच्या तापाने खड्याचा पृष्ठभाग वितळून वाफ होऊन उडू लागतो. आपल्याला दिसतो तो या तापलेल्या हवेचा आणि वाफेचा प्रकाश. तो जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर सुरू होतो. नित्य दिसणाऱ्या उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात. एखादा मोठा खडा आला की सड्यावर सावल्या धावतात. हिरवट रंग बहुधा मॅग्नेशियमसारख्या धातूंचा, पिवळा सोडियमचा. वेगाचाही रंगात वाटा असतो. उंची शंभर किलोमीटर असल्याकारणाने एकच उल्का पेडण्याहून, सावंतवाडीहून, बेळगावहून आणि कारवारहूनही एका वेळी दिसू शकते. आणि या चारही ठिकाणचे लोक शपथेवर सांगतात की ती आमच्या गावाच्या डोंगरापलीकडेच पडली.

आता आमचा खरा विषय. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट शेतकरी, गुराखी आणि खलाशी पूर्वीपासून सांगत आले होते. युरोपातील विद्वानांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत मानली नाही. १७६८ साली फ्रान्समधील लुसे गावी लोकांच्या देखत दगड पडला. त्याची तपासणी करण्यास पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जी समिती नेमली तीत लाव्हाझिए होता, म्हणजे ज्याला आपण आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून पाठ करतो तोच. समितीने निर्णय दिला की हा पृथ्वीवरचाच दगड असून त्यावर वीज पडली असावी. रसायनाची परीक्षा मोठ्या कसोशीने केली होती. माणसांची साक्ष मात्र बाजूला ठेवली. आमच्या शेऱ्याशी या निर्णयाचे साम्य पाहून आम्हाला अंमळ धीर आला, आणि मग धीर आल्याचीच लाज वाटली. लाव्हाझिएसारखी चूक करण्यासाठी लाव्हाझिएची योग्यता असावी लागते. आमच्यापाशी नुसती शाई होती.

हा प्रश्न ज्याने सोडवला त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, भट्टी नव्हती. अर्न्स्ट क्लाड्नी हा जर्मन गृहस्थ कायद्याचे शिक्षण घेतलेला होता. पुढे ध्वनिशास्त्रात त्याने नाव मिळवले. त्याने ग्रंथालयात बसून निरनिराळ्या देशांतील आणि काळांतील अग्निगोलांचे व पडलेल्या दगडांचे वृत्तांत काढले आणि वकील साक्षी तपासतो तसे ते एकमेकांशी ताडून पाहिले. ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते अशी माणसे तेच तेच सांगत होती. तेव्हा ही सारी माणसे खोटे बोलत आहेत असे मानण्यापेक्षा दगड खरोखरच वरून येतात असे मानणे अधिक सयुक्तिक आहे, असे त्याने १७९४ साली ग्रंथ लिहून मांडले. त्याची थट्टाच अधिक झाली. पुढे १७९८ च्या डिसेंबरात आपल्या काशीजवळ क्राखुट गावी तेजस्वी गोळा दिसून दगड पडले. ते इंग्लंडात गेले आणि एडवर्ड हॉवर्ड याने १८०२ साली दुसऱ्या देशांत पडलेल्या दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले. त्या सर्वांतील लोखंडात निकेल सापडले. १८०३ च्या २६ एप्रिलला फ्रान्समध्येच लेग्ल गावावर हजारो दगडांचा वर्षाव झाला. तेव्हा बियो नावाचा तरुण शास्त्रज्ञ स्वतः तेथे गेला, गावोगाव हिंडून नाना व्यवसायांच्या लोकांना विचारत फिरला, आणि मग विद्वानांचा विरोध मावळला. शेतकऱ्यांनी जे शेतात उभे राहून सांगितले होते ते मान्य व्हायला अकादमीला पस्तीस वर्षे लागली.

आवाजाची हकीकत याहूनही चमत्कारिक आहे. शंभर किलोमीटरवरून आवाज यायला पाच मिनिटे लागतात. तेव्हा उजेडाबरोबरच आवाज ऐकू येणे शक्य नाही, हे नववीचा विद्यार्थीही गणित करून दाखवील. १७१९ साली इंग्लंडवरून एक मोठा अग्निगोल गेला. ज्याच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे त्या एडमंड हॅलीने गावोगावच्या साक्षी मिळवून त्याची उंची काढली. त्यांपैकी काहींनी चुरचुर आवाज ऐकल्याचे सांगितले होते. ते त्याने कल्पनेचे खेळ म्हणून सोडून दिले. उंचीच्या बाबतीत ज्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला त्यांच्याच कानांवर ठेवला नाही. तरीही पुढची तीनशे वर्षे निरनिराळ्या देशांतील लोक तेच सांगत राहिले. २०१७ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी असे दाखवून दिले की, उल्केचा प्रकाश पूर्ण चंद्राएवढा प्रखर असून तो भराभर लुकलुकत असेल, तर पाने, केस, गडद कापड अशा वस्तू क्षणाक्षणाला तापून-निवून जवळची हवा कंप पावू शकते. म्हणजे आवाज वरून येत नाही, अंगणातल्याच वस्तूंतून निघतो. प्रत्येक वेळी हेच घडते असा दावा कोणी केलेला नाही आणि प्रश्न पुरता मिटलेलाही नाही. सड्यावर आम्हाला काही ऐकू आले नाही. म्हणून त्या मुलाला त्याच्या अंगणात आले नसेल असे म्हणण्याची छाती मात्र आता आम्हाला होत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग काय, जो जे सांगेल ते खरे मानायचे? भ्रमणध्वनीवरून घरोघर येणाऱ्या नाना वार्ता आम्हीही वाचतो, तेव्हा ही शंका आम्हाला परकी नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याचा प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. २ एप्रिलच्या त्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यावरून तेजाचे पट्टे गेले, आणि नागपूरपासून माळव्यापर्यंत लोकांनी त्यांची चित्रे काढली. कोणी उल्कापात म्हटले, कोणी शत्रूचे अस्त्र म्हटले, कोणी नववर्षाचा शुभाशुभ संकेत काढला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचा वातावरणात जळत परतलेला भाग होता, असा निष्कर्ष पुढे अवकाशतज्ज्ञांनी काढला. आता पाहा, ज्यांनी 'हळू गेले, बराच वेळ दिसले, पुष्कळ तुकडे एकाच वाटेने एकामागून एक गेले' एवढेच सांगितले त्यांची साक्ष पूर्णपणे बरोबर होती. उल्का काही सेकंदांत संपते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवी वस्तू तिच्यापेक्षा मंद असते आणि तिचे जळणे मिनिटभरही दिसू शकते. पाहण्यात कोणाचीच चूक नव्हती, नाव ठेवण्यात होती.

पाहिले काय आणि त्याला म्हटले काय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचे शिक्षण आमच्या शाळांतून दिले जात नाही, अशी आमची तक्रार आहे, आणि ती सर्वप्रथम आमच्या भाषेच्या तासाविरुद्ध आहे. त्या मुलाने वहीत उल्का लिहिले नव्हते, देव लिहिला नव्हता, विमानही लिहिले नव्हते. त्याने 'उजेड' लिहिले होते. नाव आम्ही ठेवले, आणि तेच चुकीचे निघाले. निबंध शिकवताना आम्ही उपमा शिकवतो, म्हणी शिकवतो, आरंभ आणि शेवट यांचे साचे देतो. पण तुझ्या अंगणात सावली कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेली हे विचारत नाही. परीक्षेला ते लागत नाही, असे उत्तर आमचे सहकारी देतील. ते खरे आहे. तथापि साक्षीची किंमत परीक्षेपेक्षा मोठी ठरते असे प्रसंग येतात.

१९७६ च्या २८ जानेवारीला रात्री सौराष्ट्रात धजाळा येथे अशनींचा वर्षाव झाला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने दगडांचा अभ्यास केला. तो दगड अवकाशात कोणत्या कक्षेतून फिरत आला असावा याचे गणित मांडताना, ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्यांच्या सांगण्याचाच आधार घ्यावा लागला. कारण त्या आकाशाकडे रोखलेला एकही कॅमेरा नव्हता. कोणत्या झाडाच्या वर दिसला, कोणत्या देवळाच्या कळसामागे विझला, एवढ्या साध्या वाक्यांवरून सूर्याभोवतीची वाट काढता येते! आमच्या लोणारच्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडणाऱ्या अशनीला मात्र एकही साक्षीदार मिळाला नाही. त्यामुळे तो कधी पडला हे शोधता शोधता शास्त्रज्ञांच्या अंदाजात लाखो वर्षांचा फरक पडला.

आणि रशियातील चेल्याबिन्स्क. २०१३ च्या १५ फेब्रुवारीला सकाळी तेथे सुमारे वीस मीटर व्यासाचा अशनी जमिनीपासून तीस किलोमीटरवर फुटला. आधी सूर्यासारखा लखलखाट झाला. लोक काय झाले ते पाहायला खिडक्यांशी धावले. दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट आली आणि तावदाने फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तेथील एका शाळेत चौथीच्या वर्गाच्या बाईंनी लखलखाट दिसताच मुलांना बाकांखाली बसायला सांगितले. हा उजेड कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलांना काही झाले नाही. बाईंचा हात काचांनी कापला. आमच्या पेशातील या बाईंविषयी आम्हाला जो आदर वाटतो तो शब्दांत आणणे कठीण आहे. त्यांनीही आकाशातल्या उजेडाला आमच्यासारखे पटकन एखादे नाव देऊन टाकले असते तर? विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आकाशात फार प्रखर लखलखाट झाला तर काचेच्या खिडकीपाशी जाऊ नये, पुढची चार-पाच मिनिटे तरी नाही.

आमची सूचना लहान आहे आणि तिला खर्च नाही. प्रत्येक शाळेत एक वही असावी. आकाशात किंवा भुईवर ज्याने काही विशेष पाहिले त्याने ते दुसऱ्याशी बोलण्याआधी तीत लिहावे. बोलल्यावर दहा जणांचे मिळून एकच दृश्य होते आणि ते बहुधा सर्वांत बडबड्या माणसाचे असते. वेळ लिहावी. कोठे उभे होतो ते लिहावे. माड, घराचा कोपरा, दीपस्तंभ अशा हलत नसलेल्या वस्तूंच्या आधाराने कोठून कोठे गेले ते लिहावे. हात पुढे ताठ करून मूठ धरली तर ती आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते, म्हणून क्षितिजापासून किती मुठी वर होते ते मोजावे. किती वेळ दिसले, रंग कोणता, आवाज आला असल्यास उजेडाबरोबर की मागाहून. न कळलेले 'कळले नाही' म्हणून लिहावे. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगातील कोणाकडूनही अशा नोंदी स्वीकारते, तिला पदवी लागत नाही. आणि शिक्षकांनी त्या वहीत लाल शाई वापरू नये.

पाहायचे कधी, असे कोणी विचारील. ऑगस्टातल्या ययातीच्या उल्कावर्षावाचा युरोपात मोठा गाजावाजा असतो. पण त्या दिवसांत आमच्या कोकणात आकाशच नसते, पाऊस असतो. आमच्यासाठी डिसेंबरचा मिथुन वर्षाव. १३ आणि १४ तारखेच्या रात्री पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून उल्का फाकताना दिसतात. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेले ते कण. थंडी बेताची, आकाश निरभ्र, आणि जत्रांमुळे माणसे अशीही जागीच असतात. काळोख मात्र दरवर्षी थोडा कमी होतो आहे. रस्त्यांवरचे नवे पांढरे दिवे, हॉटेलांचे आकाशात सोडलेले झोत, आणि देवळांच्या शिखरांवर वर्षभर जळणारी रोषणाई यांनी सड्याच्या चारही कडा उजळल्या आहेत. विकासाला आमचा विरोध नाही. वर तोंड करून लावलेल्या दिव्याला आहे. तो कोणाची वाट उजळतो हे आम्हाला अद्याप कळलेले नाही.

जत्रेच्या रात्रीनंतर चार-पाच दिवसांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो तेव्हा नववीत होता. २०२५ साली तो दहावी होऊन शाळेतून गेला. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहोत, नाव न घालण्याच्या अटीवर. आम्हाला दारात पाहून त्याच्या आईला वाटले की पोराने काही आगळीक केली. आम्ही अंगणात बसलो, चहा घेतला, आणि मग त्याला सांगितले की तुझे वाक्य बरोबर होते, खोडणारा चुकला. तो खाली पाहत राहिला. जुनी वही त्याने रद्दीत दिली होती. ती रात्र मात्र त्याच्यापाशी होती. आम्ही विचारताच तो उठला, हात धुण्याच्या दगडाशी जाऊन उभा राहिला, आणि जवळजवळ वर्ष होत आले तरी न अडखळता दाखवू लागला. उजेड फणसाच्या डावीकडून निघाला. वृंदावनाची सावली इथून सुरू झाली, इथे वळली. गोठ्याच्या भिंतीवर या खुंटीपर्यंत चढली. खुंटीला त्या वेळी दोर टांगलेला होता आणि दोराचीही सावली पडली होती. आपण मनात आकडे मोजत नव्हतो, पण हातातला तांब्या रिता व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते चालले. त्याने तांब्या भरून आणला आणि ओतून दाखवला. आम्ही घड्याळात पाहिले. सहा सेकंद.

मग त्याने अगदी साधेपणाने विचारले, "सर, तुमची कुठून कुठे गेली?"

आम्ही आठवून पाहिले. ती मिथुन राशीकडून आली असती तर त्या रात्रीच्या वर्षावातलीच होती असे म्हणता आले असते. सड्यावर खुणेला एक झाड होते, लांबवर जत्रेचे दिवे होते, डोक्यावर सारी नक्षत्रे होती. गवताची काडी आठवत होती, हिरवट रंग आठवत होता, स्वतःचे भारावून जाणे तर फारच चांगले आठवत होते. दिशा आठवत नव्हती. किती वेळ दिसली तेही सांगता येईना. तीन सेकंद असतील, दहा असतील.

"पाहिले नाही रे," आम्ही म्हणालो.

तो काही बोलला नाही. रिकामा तांब्या घेऊन घरात गेला.